परसबागेतील हंगामपालट (छत्रपती संभाजीनगर)

परसबागेतील हंगामपालट म्हणजे घराच्या अंगणात, परसात किंवा गच्चीवर लावलेल्या पावसाळी भाज्या काढून त्यांच्या जागी हिवाळी भाज्या लावण्याचे काम. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) आणि भोवतालच्या मराठवाड्यात हे काम साधारणपणे सप्टेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या अखेरीपर्यंत, म्हणजे भाद्रपदापासून मार्गशीर्ष-पौषापर्यंत चालते. शेतीच्या भाषेत हा खरिपाकडून रब्बीकडे जाण्याचा काळ होय. शेतात बहुधा एक पीक निघाल्यावर दुसरे पेरले जाते. परसबागेत मात्र दोन्ही हंगाम काही आठवडे एकाच मातीत शेजारी नांदतात, आणि बहुतेक चुका याच आठवड्यांत होतात.

हवामान

शहर दख्खनच्या पठारावर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे. वार्षिक पर्जन्यमान सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास असून त्यातील बहुतांश पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात माघार घेतो आणि त्यानंतर काही आठवडे 'ऑक्टोबर हीट' या नावाने ओळखला जाणारा उकाडा जाणवतो. दिवाळीनंतर रात्री थंड होऊ लागतात. डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान सामान्यतः १० ते १४ अंश सेल्सिअस असते. थंडीची लाट आल्यास ते याहून खाली जाते, परंतु हिमतुषाराने बाग करपण्याची वेळ क्वचितच येते.

सौम्य हिवाळ्याच्या प्रदेशांसाठी लिहिलेली बागकामाची परदेशी वेळापत्रके येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. भूमध्य समुद्राकाठी किंवा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरही हिवाळा सौम्यच असतो, पण तेथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. मराठवाड्यात नेमके याच्या उलट घडते. येथे हिवाळी भाजी पावसाच्या शेवटच्या ओलीवर उगवते आणि पुढे पूर्णपणे साठवलेल्या पाण्यावर वाढते. त्यामुळे येथील हंगामपालट थंडीपेक्षा पाण्याच्या हिशेबाने ठरते.

पाण्याचा हिशेब

या शहराचा आणि बागांचा संबंध जुना आहे. मलिक अंबरने १६१० च्या सुमारास खडकी वसवली आणि त्यानंतरच्या वर्षांत डोंगरपायथ्याचे भूजल जमिनीखालच्या नळांतून, केवळ उताराच्या बळावर, शहरात आणले. 'नहर-ए-अंबरी' या नावाने ती व्यवस्था प्रसिद्ध आहे. पुढे मुघलकाळात अशा आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीचे जाते याच प्रकारच्या नहरीच्या पाण्यावर फिरत असे. दिल्ली दरवाजाजवळची हिमायतबाग ही मुघलकालीन बाग असून आज तेथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. नहरींचे वाहते पाणी आटत गेल्यावर परसातले आड आणि विहिरी उरल्या. त्यानंतर पैठण येथील जायकवाडी धरणाचा नाथसागर (धरणाची पूर्तता १९७६) शहराचा मुख्य जलस्रोत झाला. अलीकडच्या वर्षांत अनेक वसाहतींना नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने मिळत आले आहे. परसबाग किती मोठी असावी, याचे उत्तर म्हणूनच अंगणाच्या लांबी-रुंदीत नसून घरातल्या पिंपांत आणि टाकीत असते.

हा हिशेब अवघड नाही. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हिवाळ्यात येथील भाजीच्या वाफ्यातून दिवसाला साधारण ३ ते ४ मिलिमीटर पाणी बाष्पीभवनाने आणि पानांवाटे निघून जाते. यावरून दहा चौरस मीटरच्या बागेला दिवसाला सुमारे ३५ लिटर, म्हणजे दोन-अडीच बादल्या पाणी लागते आणि २०० लिटरचे एक पिंप अशा बागेला पाच ते सहा दिवस पुरते. एप्रिल-मे महिन्यांत तेवढ्याच जागेला याच्या दुपटीहून अधिक पाणी द्यावे लागते. पाण्याच्या प्रत्येक बादलीमागे सर्वांत जास्त भाजी हिवाळ्यातच पदरात पडते. पाणी कमी असलेल्या घराने उन्हाळी बागेचा हट्ट सोडून हिवाळी बाग मात्र चुकवू नये, असे म्हणण्याला आधार आहे तो एवढाच.

वाफ्यावर पाचट, वाळलेला पाला किंवा भुसा यांचे दोन-तीन इंच आच्छादन केल्यास पाळ्यांमधील अंतर वाढवता येते. कमी भाजलेले मातीचे मडके तोंडापर्यंत जमिनीत पुरून त्यात पाणी भरण्याची मटका सिंचनाची रीत टोमॅटो, वांगी आणि वेलभाज्यांना चांगली लागू पडते. मेथी-पालकाच्या दाट वाफ्याला तिचा फारसा उपयोग नाही. भाज्या व धान्य धुतलेले पाणी बागेस निर्धोक असते. आर.ओ. यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात मात्र क्षारांचे प्रमाण अधिक असते आणि काळ्या जमिनीत ते क्षार साचून राहतात. बीट आणि पालक हे क्षार बऱ्यापैकी सोसतात. गाजर, कांदा आणि घेवडा यांना ते बाधतात.

माती आणि वाफसा

बसाल्ट खडकापासून झालेली काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. पावसाळ्याच्या शेवटी ती चिकट, जड व गारठलेली असते. अशा वेळी कुदळ चालवली तर ढेकळे निघतात, ती उन्हाने विटेसारखी कडक होतात आणि त्यांत महिनाभर काही रुजत नाही. उलट फार थांबल्यास वरचा थर टणक होऊन कुदळच आत जात नाही. या दोहोंमधली, ओल असूनही माती मोकळी होण्याची जी अवस्था, तिला 'वाफसा' म्हणतात. परीक्षा सोपी आहे: वीतभर खोलीची मूठभर माती दाबून गोळा करावा व कमरेएवढ्या उंचीवरून सोडावा. गोळा फुटून विखुरला तर वाफसा आला. चपटा होऊन तसाच राहिला तर अजून दोन-तीन दिवस थांबावे. हस्त नक्षत्राच्या (सुमारे २७ सप्टेंबरपासून) पावसानंतर वाफसा किती दिवस टिकतो, यावर कुदळणीची सारी घाई अवलंबून असते. उथळ मुरमाड जागेत तो दोन दिवसांत निघून जातो, भारी काळ्या जमिनीत आठवडाभर राहतो.

सिडको-हडकोसारख्या वसाहतींतील आणि नव्या बांधकामांच्या आवारात वरची माती बरेचदा मूळची नसतेच. तिच्यात मुरूम, चुना आणि विटांचे तुकडे असतात. तेथे एक मीटर रुंद व १५ ते २० सेंटिमीटर उंच गादीवाफे बाहेरच्या मातीने भरून घेणे सोयीचे ठरते. वाफ्याची रुंदी एक मीटरपेक्षा अधिक नसावी, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो आणि आत पाय द्यावा लागत नाही. प्रत्येक चौरस मीटरला दोन ते अडीच किलो पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. अर्धवट कुजलेल्या खतामुळे हुमणी व वाळवीला निमंत्रण मिळते आणि गाजर-मुळ्याला फाटे फुटतात.

काय आणि केव्हा

सर्वसाधारण समज असा, की हिवाळी भाज्या थंडी पडल्यावर लावायच्या. कोबीचे उदाहरण घेतले तर हा समज किती महाग पडतो ते दिसते. गोल्डन एकरसारख्या लवकर येणाऱ्या कोबीचे रोप तयार होण्यास चार ते पाच आठवडे लागतात आणि लागणीनंतर गड्डा भरण्यास सुमारे दोन महिने. सप्टेंबरच्या मध्यास बी टाकल्यास ऑक्टोबरच्या मध्यानंतर रोपे लागतात आणि गड्डा डिसेंबरात, म्हणजे ऐन थंडीत, भरतो. डिसेंबरात थंडी पाहून बी टाकणाऱ्याचा गड्डा मार्चमध्ये भरू लागतो. त्या वेळी पारा पस्तिशीकडे चाललेला असतो. गड्डे सैल राहतात, फुटतात किंवा मावा त्यांचा ताबा घेतो. थंडीची गरज असते ती पीक पोसण्याच्या वेळी. पेरणी पावसाळ्याच्या शेवटीच व्हावी लागते.

जुन्या गृहिणींचे कॅलेंडर नक्षत्रांचे आणि सणांचे होते आणि ते या कामाला आजही पुरेसे आहे. उत्तरा नक्षत्रात (सुमारे १३ सप्टेंबरपासून), म्हणजे बहुधा गणपती-पितृपक्षाच्या दिवसांत, कोबी, फुलकोबी, नवलकोल, टोमॅटो आणि मिरची यांचे बी गादीवाफ्यावर किंवा कुंडीत टाकावे. पाऊस अजून गेलेला नसतो, म्हणून रोपवाटिकेवर जोराच्या सरींपासून आडोसा आवश्यक आहे. रोपे मुळाशी सडून कोलमडणे हा या दिवसांतला मुख्य धोका असून ट्रायकोडर्मा मिसळलेले खत, विरळ पेरणी आणि पाण्याचा निचरा हे त्यावरचे उपाय होत. फुलकोबीच्या बाबतीत जातीची निवड विशेष जपून करावी लागते. लवकर, मध्यम आणि उशिरा अशा तिच्या तीन तऱ्हा असतात आणि प्रत्येकीला ठराविक तापमान लागते. वेळ चुकल्यास गड्ड्याऐवजी बटणाएवढे फूल हाती येते. पाकिटावर हंगाम छापलेला नसेल तर ते बी न घेतलेले बरे.

नवरात्रात घटाभोवतीच्या काळ्या मातीत धान्य पेरण्याची प्रथा आहे. आलेल्या अंकुरांवरून रब्बीचा अंदाज बांधण्याची चाल अनेक घरांत होती. घरच्या बियाण्याची उगवणशक्ती पाहण्याचा तो एक मार्ग होता, असे म्हणण्यास हरकत नाही. याच सुमारास मोकळ्या झालेल्या पहिल्या कोपऱ्यात मेथी, मुळा आणि शेपू पेरावेत. मेथी महिना-सव्वा महिन्यात काढणीला येते. बाजारात ऑक्टोबरात पालेभाजी महाग असते आणि डिसेंबरात औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईत जुड्यांचे ढीग लागतात. घरच्या मेथीचा खरा फायदा तिच्या पहिल्या दोन वाफ्यांतच आहे. एकदम सारा वाफा पेरण्याऐवजी दर दहा-बारा दिवसांनी एकेक पट्टा पेरणे म्हणूनच श्रेयस्कर. कोथिंबिरीसाठी धने हलके रगडून दोन फाके करावेत आणि रात्रभर भिजवावेत. उकाड्यात कोथिंबीर व पालक नीट उगवत नाहीत, तेव्हा त्यांना चित्रा नक्षत्र (सुमारे १० ऑक्टोबरपासून) उलटू द्यावे.

दिवाळीच्या मागेपुढे कामाची सर्वांत मोठी गर्दी असते. कोबीवर्गीय रोपे ४५ सेंटिमीटर अंतरावर आणि टोमॅटो ६० बाय ४५ सेंटिमीटरवर लावावा. लागण संध्याकाळी करावी आणि लगेच पाणी द्यावे. वाटाणा, गाजर, बीट आणि लसूण यांचीही हीच वेळ. लसणाच्या पाकळ्या १० बाय ७.५ सेंटिमीटरवर, टोक वर करून टोकाव्यात. गाजराचे बी बारीक असून उगवायला दहा ते पंधरा दिवस घेते. तेवढ्या अवधीत काळ्या मातीवर पापुद्रा धरतो आणि अंकुर खालीच मरतो. बियांवर माती न लोटता चाळलेले खत पसरावे आणि उगवण दिसेपर्यंत ओले गोणपाट झाकावे. भारी जमिनीत गाजर वाकडे-तिकडे येते. ज्यांना सरळ गाजर हवे त्यांनी ते गादीवाफ्यातच घ्यावे.

कांद्याची घाई नसते. रब्बी कांद्याचे बी ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरात टाकले जाते आणि सहा ते आठ आठवड्यांची रोपे डिसेंबरपासून १५ बाय १० सेंटिमीटरवर लागतात. एन-२-४-१ ही महाराष्ट्रातील जुनी, साठवणीला चांगली जात आहे. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेच्या भीमा शक्ती व भीमा किरण या जातीही रब्बीसाठी आहेत. फार लवकर लावलेल्या कांद्याला थंडीत डेंगळे येतात, म्हणजे गड्डा पोसण्याऐवजी फुलांचा दांडा निघतो. जागा कमी असल्यास गड्ड्याच्या कांद्याचा नाद सोडून पातीचा कांदा घ्यावा.

करडई आणि हरभरा ही शेतातली पिके मराठवाड्याच्या परसातही भाजीसाठी लावली जातात. करडईची कोवळी पाने काटे धरण्यापूर्वी खुडतात. हरभऱ्याचे शेंडे खुडल्याने झाडाला फुटवे वाढतात, म्हणजे भाजीही मिळते आणि घाटेही अधिक लागतात. या दोघांना ओल बेताची पुरते, आणि पाण्याची ओढ असलेल्या वर्षी कोबीपेक्षा यांच्यावरच भिस्त ठेवणे शहाणपणाचे असते. कोबी, फुलकोबी, नवलकोल यांना एकेकाळी विलायती भाज्या म्हणत आणि पाण्याच्या बाबतीत त्या अजूनही तशाच वागतात.

उभ्या पिकाचा प्रश्न

हंगामपालटातील सर्वांत अवघड काम लावण्याचे नसून उपटण्याचे आहे. ऑक्टोबरात भेंडीला अजून चार शेंगा लागत असतात, दोडक्याच्या वेलावर फुले दिसतात आणि गवारीवर आठवड्याला एका वेळेची भाजी निघते. पितृपक्षाच्या स्वयंपाकात भेंडी, गवार, कारले आणि भोपळा यांना मान असल्याने अनेक घरांत सर्वपित्री अमावास्येपर्यंत या झाडांना कोणी हात लावत नाही. हरकत अशी, की त्यानंतरही लावत नाही. एका आठवड्याच्या गवारीसाठी अडवलेला वाफा तीन महिन्यांच्या कोबीला मुकतो.

यासाठी सरसकट नियम सांगता येत नाही. भाजीगणिक निर्णय करावा लागतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेली भेंडी ताबडतोब काढावी. तो विषाणूजन्य रोग पांढरी माशी पसरवते, आणि हीच माशी टोमॅटोवर पाने वळवणारा दुसरा विषाणू नेते, म्हणून टोमॅटोची रोपे लागण्यापूर्वी जुनी भेंडी गेलेली बरी. याच विद्यापीठाने विकसित केलेली 'परभणी क्रांती' ही भेंडीची जात या रोगाला सहनशील म्हणून नावाजली गेली. काकडी, दोडका, गिलके यांच्या पानांवर दवाबरोबर भुरी आली की वेल फार दिवस राहत नाही. तो मांडवावरून ओढून काढण्यापेक्षा मुळाशी कापून वाळू द्यावा, म्हणजे शेजारची रोपे तुटत नाहीत. गवार आणि चवळी जमिनीलगत कापून त्यांची मुळे मातीतच ठेवावीत, कारण त्यांच्या गाठींतील नत्र पुढच्या पालेभाजीला मिळते. लागणीला वेळ असल्यास वेलाच्या सावलीत कोवळी रोपे वाढवून उन्हाचा चटका टाळता येतो, आणि एवढ्यापुरता रेंगाळलेला दोडका उपयोगीही पडतो.

वांगी आणि मिरची यांना या यादीतून वगळावे. थंडीत त्यांना नवा बहर येतो. वांग्याची जून फांदी छाटून, आळ्यात खत देऊन झाड राखल्यास मार्गशीर्षात फळे धरतात. चातुर्मासात वांगे वर्ज्य मानणाऱ्या घरांत ते चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून, पुन्हा खाल्ले जाते. शहरालगतच्या सातारा येथील खंडोबा मंदिरात त्या दिवशी यात्रा भरते. जुने झाड राखणाऱ्याला हे वांगे घरचे मिळते. मात्र शेंडे पोखरलेले आणि पर्णगुच्छाने बारीक पानांचे झालेले झाड राखण्यात अर्थ नाही.

झेंडूचा वाफा ही आणखी एक सोय. दसरा-दिवाळीला फुले निघाल्यावर तो आपोआप रिकामा होतो. झेंडूमुळे मुळांवरील सूत्रकृमी कमी होतात, त्यामुळे तेथे टोमॅटो किंवा गाजर लावणे फायद्याचे असते. टोमॅटो, वांगी, मिरची हे एकाच कुळातले असल्याने एकाच्या जागी दुसरे लावू नये.

कीड

परसबागेत रासायनिक औषधांची गरज सहसा भासत नाही. कोबीच्या पानांना भोके पाडणारा चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरीकडे अधिक ओढला जातो, म्हणून वाफ्याच्या कडेला मोहरीची ओळ पेरतात. ढगाळ हवेत मावा वाढतो. त्यावर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे ५० ग्रॅम निंबोळीची पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून व गाळून, सायंकाळी फवारतात. वाटाण्यावर जानेवारीत भुरी दिसते, पण तोवर बहुतेक तोडे झालेले असतात.

बियाणे

पालटाच्या वेळी प्रत्येक पावसाळी भाजीचे एक निरोगी झाड बियाण्यासाठी राखण्याची जुनी पद्धत आहे. बहरातली पहिली-दुसरी सरळ, भरदार शेंग किंवा फळ झाडावरच वाळू देतात. शेवटी उरलेली खुरटी फळे बियाण्यासाठी ठेवणे ही नेहमीची चूक होय. वाळलेले बी राखेत घोळवून मडक्यात किंवा डब्यात ठेवतात. संकरित वाणांचे बी पुढच्या वर्षी मूळ झाडासारखे येत नाही, त्यामुळे हे सारे देशी व सुधारित वाणांपुरतेच खरे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी असे देशी वाण जतन केले असून २०२० च्या पद्म पुरस्कारांत त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शहरात विकतचे बियाणे जाधववाडी व मोंढ्याच्या परिसरातील दुकानांत मिळते.

शाळांच्या परसबागा

शालेय पोषण आहाराला जोड म्हणून अनेक शाळांच्या आवारात परसबागा केल्या जातात. हंगामपालटाची त्यांची अडचण वेगळी आहे. जून-जुलैत उत्साहाने लावलेली बाग सप्टेंबरात भरात येते, आणि रोपे स्थलांतरित करून रोज पाणी द्यायची वेळ येते तेव्हा दिवाळीची सुट्टी लागते. पंधरा-वीस दिवसांत वाफे वाळून जातात आणि बाग पावसाळ्यापुरतीच राहते. यावर सोपा उपाय म्हणजे सुट्टीपूर्वी नाजूक रोपे न लावता केवळ कुदळणी, खत आणि आच्छादन एवढेच उरकणे. कोबी-टोमॅटोची रोपे कुंड्यांत किंवा ट्रेमध्ये वाढवून गावातल्याच विद्यार्थ्यांकडे घरी सोपवणे. आणि सुट्टी संपताच लागण व पेरणी करणे. मेथी, पालक, मुळा यांना त्यानंतरही पूर्ण हंगाम मिळतो. मुळा तर दीड महिन्यात निघतो आणि स्वतः पेरलेले उपटून पाहण्याचा आनंद मुलांना जितका तो देतो तितका दुसरी कोणतीही भाजी देत नाही.

हंगामाची अखेर

जानेवारीच्या मध्यास, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी होते. वांगे, गाजर, वाल किंवा पावटा, ओला हरभरा आणि तीळ एकत्र येतात आणि सोबत बाजरीची भाकरी असते. यांतील बरेच जिन्नस परसातून आले तर हंगामपालट वेळेवर झाली, असा घरोघरचा अंदाज. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात कोथिंबीर फुलावर येते, मुळा जून होतो, गाजराच्या गाभ्यात काष्ठ धरते. कांदा आणि लसूण तेवढे पाती पिवळ्या पडेपर्यंत, साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, जमिनीत राहतात आणि काढणीपूर्वी दहा-पंधरा दिवस त्यांचे पाणी तोडले जाते. उरलेल्या वाफ्यांत ज्यांच्याकडे पाणी आहे ते काकडी आणि गवार लावतात. इतर जण माती कुदळून मृगापर्यंत उन्हात तापू देतात.